अनमॉडरेटेड ग्रुप म्हणजे काय? यूजनेट, शिवीगाळ आणि बोलण्याचं स्वातंत्र्य

आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. सुरुवातीला त्यावर जॉबच्या लिंक, लग्नाच्या पत्रिका, हॉस्टेलचे जुने फोटो असं सगळं यायचं. मग निवडणुका आल्या, दोन-तीन जणांची जुंपली आणि त्यातला एक जण थेट आई-बहिणीवर घसरला. अॅडमिन म्हणाला, "मी कोणाला काढणार नाही, सगळ्यांना बोलायचा हक्क आहे." मलाही तेव्हा ते पटलं होतं. काही महिन्यांनी सहज मेंबर लिस्ट उघडली, तर बॅचमधल्या जवळजवळ सगळ्या मुली ग्रुप सोडून गेलेल्या. कोणी काही बोललं नाही, तक्रार नाही. व्हॉट्सअॅपवर २०२२ पासून ग्रुप गुपचूप सोडता येतो, फक्त अॅडमिनला कळतं. आमच्या अॅडमिनने ते कधी बघितलंच नव्हतं.

"ज्याला जे बोलायचं ते बोलू द्या" विरुद्ध "याला कोणीतरी आवरा" हा वाद आपल्याला स्मार्टफोनच्या काळातला वाटतो. पण तो वेब जन्माला यायच्या आधीपासून चालू आहे, आणि त्याची सगळ्यात मोठी प्रयोगशाळा होती यूजनेट. आजच्या बहुतेक ग्रुपमधल्या भांडणाचा नमुना तिथे आधीच सापडतो, म्हणून आधी तिकडे जाऊ.

यूजनेट चालायचं कसं?

१९७९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना ही कल्पना सुचली. शेजारच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या स्टीव्ह बेलोविनने पहिला प्रोग्राम लिहिला आणि १९८० मध्ये यूजनेट सुरू झालं. विषयानुसार 'न्यूजग्रुप' असायचे. तुम्ही मेसेज लिहिला की तो तुमच्या विद्यापीठाच्या सर्व्हरवर जायचा, तो सर्व्हर शेजारच्या सर्व्हरला कॉपी द्यायचा, तो पुढच्याला. गावात बातमी पसरते तसंच. प्रत्येक मेसेजला एक वेगळा आयडी असायचा, त्यामुळे आधी आलेला मेसेज सर्व्हर पुन्हा घ्यायचा नाही.

इथे मालक कोणीच नाही, हे लक्षात घ्या. फेसबुकची पोस्ट काढायची तर फेसबुक ती काढू शकतं. यूजनेटवर एकाच मेसेजच्या हजारो कॉपी हजारो वेगवेगळ्या लोकांच्या मशीनवर पडलेल्या असायच्या. मेसेज रद्द करायला 'कॅन्सल' नावाचा एक खास मेसेज होता, पण ती फक्त विनंती. शिवाय दुसऱ्याच्या नावाने खोटा कॅन्सल पाठवणं अगदी सोपं होतं, म्हणून बऱ्याच सर्व्हरांनी पुढे कॅन्सल मानणंच सोडून दिलं.

काही ग्रुप मॉडरेटेड होते. तिथे लिहिलेला मेसेज आधी ईमेलने मॉडरेटरकडे जायचा, त्याने मंजूर केला तरच ग्रुपमध्ये दिसायचा. पण बहुसंख्य ग्रुप अनमॉडरेटेड होते. लिहा, पाठवा, संपलं. १९८६-८७ मध्ये सगळ्या ग्रुपांची नव्याने नावं ठरली, आणि नवा ग्रुप काढायला चर्चा अन् मतदान अशी पद्धत पडली. अमली पदार्थांवरचा एक ग्रुप मोठ्या सर्व्हरांनी नाकारला, तेव्हा ब्रायन रीड, जॉन गिलमोर आणि त्यांच्या साथीदारांनी १९८७ मध्ये 'ऑल्ट' नावाची वेगळी शाखाच उघडली. तिथे कोणाची परवानगी लागत नव्हती. पुढे यूजनेटवरचं सगळ्यात भन्नाट आणि सगळ्यात घाणेरडं, दोन्ही बहुतेक तिथेच उगवलं.

नाव-गाव माहीत असूनही भांडायचे

लोक ऑनलाइन उद्धट वागतात कारण नाव लपवता येतं, असं आपण पटकन म्हणतो. यूजनेट बघितलं की हे अर्धंच खरं वाटतं. सुरुवातीची कित्येक वर्षं बहुतेक लोक खऱ्या नावाने, विद्यापीठाच्या किंवा कंपनीच्या पत्त्यावरून लिहायचे. मेसेजच्या खाली सही, कधी ऑफिसचा फोन नंबरसुद्धा. तरी ते एकमेकांना असे फाडून खायचे की त्या भांडणांना 'फ्लेम वॉर' असं नावच पडलं. कुठला टेक्स्ट एडिटर चांगला यावरून पीएचडी केलेली माणसं आठवडाभर एकमेकांची अक्कल काढत बसायची. (हे आम्ही आजही करतो. टॅब की स्पेस एवढं विचारून बघा आमच्या टीममध्ये.)

नुसत्या अक्षरांत आवाजाचा सूर नसतो, समोरचा दुखावलेला दिसत नाही, आणि शंभर जण बघत असताना माघार घेणं जिवावर येतं. यातलं काहीही नाव उघड केल्याने सुटत नाही. १९९० मध्ये माइक गॉडविन यांनी तर गमतीत एक नियमच मांडला: वाद लांबत गेला की कधी ना कधी कोणीतरी कोणाची तरी तुलना हिटलरशी करणारच.

मग हे अनमॉडरेटेड ठेवायचं कशाला?

कारण तिथेच अशा गोष्टी बोलता आल्या ज्या दुसरीकडे कुठेच बोलता येत नव्हत्या. १९८३ मध्ये समलिंगी लोकांसाठी एक ग्रुप निघाला. नाव मुद्दाम असं ठेवलं की ऑफिसच्या स्क्रीनवर दिसलं तरी कोणाला पटकन कळू नये. लैंगिक अत्याचारातून सावरणाऱ्यांचा एक ग्रुप होता, तिथे लोक निनावी लिहायचे. त्या काळात नाव लपवून मेसेज पाठवण्यासाठी फिनलंडमधला एक सर्व्हर प्रसिद्ध होता, योहान हेल्सिंगियस यांचा. त्याच सर्व्हरमागे लपून लोक शिव्याही द्यायचे. दार एकच होतं, पीडितालाही आणि टवाळखोरालाही. १९९६ मध्ये, लोकांची ओळख उघड करायचा कायदेशीर दबाव वाढल्यावर, हेल्सिंगियस यांनी ते बंद केलं.

आपली माणसंही होती तिथे. अमेरिकेत शिकायला गेलेल्या भारतीयांसाठी 'सॉक.कल्चर.इंडियन' होता, पुढे 'सॉक.कल्चर.इंडियन.मराठी'ही निघाला. देवनागरी तेव्हा सहज टाइप होत नव्हती, म्हणून रोमन अक्षरांत मराठी. धर्म, जात, भाषा, भारत-पाकिस्तान, आज ज्या विषयांवर तुमच्या फॅमिली ग्रुपमध्ये काकांचं आणि चुलतभावाचं वाजतं, तेच विषय तेव्हाही.

किलफाइल: तू बोल, मी ऐकत नाही

मला इंजिनिअर म्हणून यूजनेटची सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे किलफाइल. लॅरी वॉल (पुढे पर्ल भाषा बनवणारे हेच) यांनी १९८४ मध्ये 'आरएन' नावाचा वाचक-प्रोग्राम लिहिला, त्यात ही सोय होती. एका फाइलमध्ये तुम्ही लिहून ठेवायचं: अमुक माणसाचे मेसेज दाखवू नको, अमुक शब्द विषयात असेल तर दाखवू नको. तो माणूस लिहितच राहतो, बाकीचे वाचतच राहतात, फक्त तुमच्या स्क्रीनवर तो नसतो. एखाद्याला किलफाइलमध्ये टाकलं की जाहीरपणे 'प्लॉन्क' असं लिहायची पद्धत होती. तळाला जाऊन आपटल्याचा आवाज!

यात एक सुंदर तडजोड आहे. कोणाचं तोंड बंद करायचं हा अधिकार कोणालाच नाही, पण माझे कान बंद करायचा अधिकार पूर्ण माझा. बोलणाऱ्याचं स्वातंत्र्य आणि ऐकणाऱ्याचं स्वातंत्र्य वेगवेगळं धरलंय. मी बरीच वर्षं या आयडियाचा फॅन होतो. अनमॉडरेटेड ग्रुपसाठी एवढं पुरे, असं मी कोणालाही सांगितलं असतं.

पण ते पुरलं नाही.

पहिलं कारण संख्येचं. १९९४ च्या सुरुवातीला 'सरदार आर्गिच' या नावाने शेकडो मेसेज पडू लागले, आर्मेनियन नरसंहार नाकारणारे. मागे बहुधा एक प्रोग्राम होता. कोणी 'टर्की' हा शब्द लिहिला की उत्तर हजर, मग तो माणूस थँक्सगिव्हिंगला शिजवायच्या टर्की पक्ष्याबद्दल का बोलत असेना. त्याच वर्षी १२ एप्रिलला अॅरिझोनातल्या कँटर आणि सिगल या वकील जोडप्याने ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात पाच हजारांहून जास्त ग्रुपमध्ये टाकली. एकच मेसेज अनेक ग्रुपमध्ये जोडून पाठवला असता तर एकदा वाचल्यावर तो सगळीकडे 'वाचलेला' झाला असता. यांनी प्रत्येक ग्रुपला वेगळी कॉपी पाठवली, त्यामुळे ज्या ग्रुपमध्ये जाल तिथे तीच जाहिरात पुन्हा नवी. अशा पुरात बाकीच्यांचं बोलणं वाहून जातं. इथे कोणाचंही तोंड दाबलेलं नाही, तरी कोणाचंही ऐकू येत नाही.

दुसरं कारण नव्या लोकांचं. दर सप्टेंबरला विद्यापीठात नवी मुलं यायची, महिनाभर गोंधळ घालायची, जुने लोक त्यांना रीतभात शिकवायचे. सगळं मोठ्याने अक्षरांत लिहू नका, आधीची उत्तरं वाचून मग प्रश्न विचारा, अशी ती शिकवण. (१९९५ मध्ये हे नियम 'आरएफसी १८५५' या नावाने रीतसर लिहून निघाले.) पण १९९३-९४ च्या सुमारास एओएलसारख्या कंपन्यांनी लाखो ग्राहकांना यूजनेट उघडून दिलं. रोजच सप्टेंबर. शिकवणारे थोडे आणि येणारे अफाट. यूजनेटवाले त्या काळाला आजही 'कधीच न संपलेला सप्टेंबर' म्हणतात. त्यात नव्यांचा दोष होता असं मला वाटत नाही. जुन्यांचा तोराही काही कमी नव्हता.

तिसरं कारण मला आमच्या बॅच ग्रुपनंतर कळलं. किलफाइल फक्त तुमची स्क्रीन साफ करते. तुमच्याबद्दल काय लिहिलं जातंय ते बाकी सगळे वाचतच असतात. एखाद्या मुलीबद्दल ग्रुपमध्ये घाण बोललं जात असेल तर तिने डोळे झाकून तिचं काय भलं होणार? ती निघून जाते. आणि जो निघून गेला त्याचं न बोललेलं वाक्य कुठल्याच सर्व्हरवर साठत नाही. म्हणून "आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना बोलायची मोकळीक आहे" असं राहिलेल्यांना मनापासून वाटत राहतं.

मॉडरेटर आणला की प्रश्न मिटतो?

तेही नाही. १९८९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने एक विनोदांचा ग्रुप आपल्या सर्व्हरवर बंद केला, वांशिक विनोदावरून. गंमत म्हणजे तो ग्रुप मॉडरेटेड होता, निवडून-पारखून विनोद टाकणारा. आर्टिफिशियल इंटेलिजन्स हे नाव देणारे जॉन मॅकार्थी तिथेच प्राध्यापक होते. त्यांनी याविरुद्ध मोहीम काढली आणि विद्यापीठाला बंदी मागे घ्यावी लागली. मग डिसेंबर १९९५ मध्ये, जर्मनीतल्या बव्हेरियाच्या सरकारी वकिलांच्या कारवाईमुळे कॉम्प्युसर्व्ह कंपनीने दोनशेहून जास्त ग्रुप बंद केले. ते एका प्रांतापुरते बंद करायची सोय नव्हती, म्हणून जगभरच्या सगळ्या ग्राहकांसाठी बंद. पुढे फेब्रुवारीत त्यातले बहुतेक परत सुरू केले. मॉडरेटर नसला तरी बटण कोणाच्या तरी हातात असतंच, फक्त ते ग्रुपच्या बाहेर असतं.

भारतात कायदा काय म्हणतो?

थोडक्यात सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६अ नावाचं कलम होतं, ज्यात 'त्रासदायक' किंवा 'अपमानकारक' मेसेजसाठी अटक होऊ शकायची. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुकवर प्रश्न विचारणारी पालघरची एक तरुणी, आणि ती पोस्ट लाइक करणारी तिची मैत्रीण, अशा दोघींना अटक झाली. त्या पोस्टमध्ये शिवीसुद्धा नव्हती. २४ मार्च २०१५ रोजी सुप्रीम कोर्टाने श्रेया सिंघल खटल्यात ते कलम रद्द केलं. म्हणजे कोणाला राग आला एवढ्यावरून गुन्हा होत नाही. पण धमकी, बदनामी, अश्लील मेसेज, हिंसेला चिथावणी यांचे कायदे वेगळे आहेत आणि ते ग्रुपमध्येही लागू होतात. अॅडमिनबद्दल बोलायचं तर, मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय की मेंबरने टाकलेल्या आक्षेपार्ह मेसेजसाठी अॅडमिन आपोआप दोषी ठरत नाही. दोघांचा मिळून तसा हेतू होता हे दाखवावं लागतं. त्यामुळे "मला पोलीस पकडतील" या भीतीने सगळं डिलीट करायची गरज नाही.

तुमच्या फोनवर किलफाइल आहे का?

व्हॉट्सअॅपवर नाही. तिथे एखाद्याला ब्लॉक केलं तरी कॉमन ग्रुपमध्ये त्याचे मेसेज तुम्हाला दिसतात आणि तुमचे त्याला. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. तुमच्याकडे पर्याय दोनच: अख्खा ग्रुप म्यूट करा किंवा बाहेर पडा. बाकी सगळं अॅडमिनच्या हातात. त्याला २०२२ पासून कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. डिस्कॉर्डवर जरा बरं आहे, ब्लॉक केलेल्या माणसाचे मेसेज झाकलेले दिसतात. १९८४ ची सोय आज खिशातल्या फोनवर नसावी, हे एक प्रोग्रामर म्हणून मला चमत्कारिकच वाटतं. बनवायला अवघड मुळीच नाही.

आमच्या ग्रुपचं काय झालं? शिव्या देणाऱ्याला शेवटी काढलं, दीड वर्षाने. गेलेल्या मुलींपैकी दोघींना मी स्वतः मेसेज केला. एकीने "बघते" म्हटलं. दुसरीने सांगितलं की त्यांचा वेगळा ग्रुप आहे, आणि तो मस्त चाललाय.

यूजनेट अजून जिवंत आहे. गूगल ग्रुप्सने २२ फेब्रुवारी २०२४ पासून नवे यूजनेट मेसेज घेणं बंद केलं, पण स्वतंत्र सर्व्हर चालू आहेत. लॅपटॉपवर थंडरबर्ड टाका, त्यात न्यूजग्रुपचं अकाउंट जोडता येतं. एखादा अनमॉडरेटेड ग्रुप उघडा आणि दोन दिवस नुसतं वाचा. एखादी चर्चा डोक्यात जायला लागली की ती सिलेक्ट करून कीबोर्डवरचं 'के' दाबा. 'किल'चा के. ती चर्चा तुमच्यापुरती गायब.