मजकूर की आज्ञा?

शाळेची हजेरी, कार्यालयाचे टपाल, बैठकांचे वेळापत्रक अशा अनेक गोष्टी आज आपण ब्राउझर उघडून पाहतो आणि त्यांत लिहितोही. एकमेकांपासून दूर असलेल्या माणसांना एकत्र काम करू देणाऱ्या अशा प्रणालींना ‘ग्रुपवेअर’ म्हणतात. त्यांत परक्याला शिरता येईल अशा फटी का राहतात? या प्रश्नाचा इतिहास वेबपेक्षाही जुना आहे. आपण त्याची सुरुवातीपासून ओळख करून घेऊ.

एक यंत्र, अनेक माणसे

१९६० च्या आसपास संगणकावर एका वेळी एकाच माणसाचे काम चाले. पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि उत्तराची वाट पाहत बसायचे, अशी पद्धत होती. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये वेगळी पद्धत दाखवली. संगणकाचा वेळ बारीक तुकड्यांत वाटून तो अनेकांना एकदम वापरता येऊ लागला. या प्रणालीचे नाव सी.टी.एस.एस. १९६५ मध्ये तिच्यावर एकमेकांना निरोप ठेवण्याची सोयही झाली.

यंत्र सामायिक झाले, तेव्हा प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या ठेवणे आणि प्रत्येकाला मिळणारा वेळ मोजणे भाग पडले. त्यासाठी पासवर्ड आले, आणि त्यांच्यामागोमाग चोरीही आली. ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला मिळणारे चार तास पुरत नव्हते. १९६२ मध्ये त्याने पासवर्डांची फाइल छापून द्यावी अशी विनंती कार्डावर पंच करून टाकली. यंत्राने ती निमूटपणे छापून दिली! विनंती करणाऱ्याला तो अधिकार आहे का, हे तपासायला यंत्राला कोणी सांगितलेलेच नव्हते.

१९६६ च्या सुमारास घडलेला प्रसंग तर अधिक बोधप्रद आहे. त्या दिवशी संगणकावर येणाऱ्या प्रत्येकाला नेहमीच्या सूचनेऐवजी सर्वांच्या पासवर्डांची यादीच दिसू लागली. कोणी चोरी केली नव्हती. मजकूर दुरुस्त करणारा प्रोग्राम काम चालू असताना एक कच्ची फाइल तयार करी आणि तिला ठरलेले नाव देई. एका कप्प्यात एका वेळी एकच माणूस काम करील, असे त्यात गृहीत धरलेले होते. पुढे व्यवस्थापकांच्या सोयीसाठी दोघांना एकाच कप्प्यात काम करण्याची मुभा दिली गेली. एक जण सूचना दुरुस्त करत होता, दुसरा पासवर्डांची यादी. दोघांच्या कच्च्या फाइलींचे नाव एकच निघाले आणि मजकुरांची अदलाबदल झाली.

जुने गृहीत आणि नवी सोय यांचा मेळ बसला नाही, की फट पडते. वेबवर नेमके हेच पुन्हा घडले.

पान वाचायचे की पाळायचे?

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत वेबचा प्रस्ताव मांडला. तेथील संशोधकांना एकमेकांची माहिती सहज मिळावी, हा हेतू होता. तेव्हाचे पान म्हणजे वाचण्याचा मजकूर. पुढे दोन सोयी आल्या. १९९४ मध्ये ‘कुकी’ आली. एकदा ओळख पटली, की सर्व्हर आपल्या ब्राउझरला जणू एक बिल्ला देतो, आणि ब्राउझर तो प्रत्येक वेळी दाखवतो. १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट ही भाषा आली आणि पानात मजकुराबरोबर प्रोग्रामही लिहिता येऊ लागला.

प्रोग्राम आणि मजकूर एकाच पानात असताना ब्राउझरला त्यांतील फरक कसा कळतो? कोनी कंसात लिहिलेल्या खुणांवरून. ही अडचण वर्गातही दाखवता येते. शुद्धलेखन घालताना आपण ‘पूर्णविराम’ म्हणतो आणि मुले चिन्ह काढतात. आता त्यांना हे वाक्य सांगून पाहा : ‘पूर्णविराम हे विरामचिन्ह आहे पूर्णविराम’. पहिला शब्द लिहायचा आहे, शेवटचा पाळायचा आहे. मुलांना तो फरक अर्थावरून कळतो, यंत्राला कळत नाही. मग मुलांनाच नियम करायला सांगा. आज्ञा देताना टेबलावर टिचकी मारायची, असा नियम ती करतील. मात्र मागच्या बाकावरच्या मुलानेही टिचकी मारली तर काय?

वेबवर तसेच झाले. निरोपाच्या रकान्यात कोणी साध्या मजकुराऐवजी कोनी कंसांच्या खुणांसह छोटा प्रोग्राम लिहिला आणि सर्व्हरने तो जसाच्या तसा साठवला, तर पुढे निरोप उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये तो चालू लागतो. पान विश्वासाच्या ठिकाणाहून आलेले असल्याने ब्राउझर शंका घेत नाही. वाचणाऱ्याचा बिल्लाही त्या प्रोग्रामच्या हाती लागू शकतो. फेब्रुवारी २००० मध्ये ‘सर्ट’ या अमेरिकी केंद्राने या धोक्याची जाहीर सूचना दिली. ‘क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग’ हे त्याचे नाव त्याच सुमारास रूढ झाले.

केवळ वाईट शब्द गाळून हा धोका टळत नाही, हे ऑक्टोबर २००५ मध्ये दिसले. मायस्पेस या संकेतस्थळावर ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द गाळला जाई. सॅमी कामकार या १९ वर्षांच्या मुलाने तो शब्द दोन ओळींत तोडून लिहिला. गाळणीला तो ओळखू आला नाही, पण काही ब्राउझरांनी तो जोडून वाचला. त्याचे पान पाहणाऱ्याच्या पानावर तोच प्रोग्राम उतरे आणि तेथून पुढच्याच्या. एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक पानांवर तो पोचला आणि संकेतस्थळ काही काळ बंद ठेवावे लागले. खरा उपाय दुसरा आहे : बाहेरून आलेला कोनी कंस दाखवताना ‘हे केवळ चिन्ह काढ’ अशा निरुपद्रवी खुणेत बदलायचा.

सर्व्हरचीच फसवणूक

टपाल आणि वेळापत्रक सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज या ग्रुपवेअरमध्ये २०२१ मध्ये अनेक फटी उघड झाल्या. पहिल्या फटीतून बाहेरचा माणूस सर्व्हरकडूनच आतल्या भागाला विनंती करवून घेई. विनंती ‘घरातल्या’कडून आल्याने ती मानली जाई. दुसऱ्या फटीतून सर्व्हरवर फाइल लिहिता येई. दोन्ही जोडल्यावर पासवर्डाची गरजच उरत नव्हती. कंपनीने २ मार्चला दुरुस्ती दिली, परंतु जगभर हजारो सर्व्हरांत तोवर शिरकाव झाला होता किंवा पुढच्या काही दिवसांत झाला. काही घुसखोरांनी मागे चोरवाटाही ठेवल्या. दुरुस्ती बसवली तरी त्या आपोआप जात नव्हत्या. एप्रिलमध्ये अमेरिकेत न्यायालयाच्या परवानगीने एफ.बी.आय.ने शेकडो संगणकांवरून त्या पुसून टाकल्या.

शेरच्या कार्डापासून येथपर्यंत जवळजवळ साठ वर्षे गेली. प्रश्न मात्र तेच राहिले : ही विनंती खरोखर कोणाची? त्याला अधिकार आहे का? आणि आलेली गोष्ट मजकूर आहे की आज्ञा?

मुलांचे गुण, पत्ते, आजारपणाच्या नोंदी आता शाळा अशाच प्रणालींत ठेवू लागल्या आहेत. या नोंदी मुलांच्या आहेत. म्हणून प्रणाली घेताना हे तीन प्रश्न आणि चौथा, दुरुस्त्या कोण व कधी बसवणार, हे शिक्षकांनी विचारायला हवेत. कोर्बातो यांनी तर ट्यूरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात आपल्याच प्रणालीतील पासवर्डांचा तो गोंधळ सर्वांना सांगितला. त्यांनी तो झाकून ठेवला असता, तर पुढच्यांना त्यातून काय शिकता आले असते?