घास अडण्यापूर्वी : अन्ननलिकेच्या कर्करोगाशी दीडशे वर्षांची झुंज

१/ नंदुरबारच्या एखाद्या पाड्यावर हा रोग बहुधा एकाच तक्रारीने प्रकट होतो : भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही. पण तोवर उशीर झालेला असतो. अन्ननलिका लवचीक असते. ती बरीच अरुंद झाल्याखेरीज घास अडत नाही. म्हणूनच आरंभीच्या अवस्थेतील रुग्ण विरळा. त्याच्यावर उपचार कसे शक्य झाले, ते पाहू.

२/ प्रथम प्रश्न होता तो आत डोकावण्याचा. १८६८ साली जर्मन वैद्य कुसमाउल यांनी तलवार गिळणाऱ्या कसरतपटूच्या घशातून सरळ, ताठ नळी उतरवून हे साधले. सामान्य रुग्णाला अशी नळी सोसणे कठीणच होते.

३/ १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रान्झ टोरेक यांनी छातीतील रोगग्रस्त अन्ननलिका यशस्वीपणे काढली. मानेतील छिद्रापासून जठरापर्यंत शरीराबाहेरून रबरी नळी जोडली. ती वृद्ध स्त्री त्या नळीवर सुमारे एक तप जगली.

४/ २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होते.

५/ त्याच मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर रोगाची कारणे शोधत होते. १९५५ साली सांघवी, राव आणि खानोलकर यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तंबाखू ओढणे व चघळणे आणि अन्नमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोग यांचा संबंध मांडला.

६/ १९५७ साली हिर्शोविट्झ यांनी काचतंतूंची लवचीक दुर्बीण दाखवली. पुढे जपानी वैद्यांनी तिच्यातूनच उपचार घडवले. आयोडीन शिंपडले की निरोगी अस्तर तपकिरी होते, रोगट भाग फिका राहतो. रोग अस्तराच्या वरच्या थरातच असेल, तर तेवढाच पापुद्रा तोंडावाटे सोलून काढता येतो. छाती उघडावी लागत नाही, अन्ननलिकाही वाचते. मात्र रोग खोल शिरला, की तो रसग्रंथींत पसरण्याचा धोका वाढतो आणि मोठी शस्त्रक्रिया, किरणोपचार वा औषधोपचार यांखेरीज गत्यंतर नसते.

७/ रुग्ण वेळेवर यावा कसा? याचे एक उत्तर सोलापूर जिल्ह्यात सापडते. १९८७ साली बार्शीत देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव फिरून लोकांशी बोलू लागले आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आधीच्या अवस्थेत उपचारास येऊ लागल्या. संवादाने निदानाची वेळ बदलते, हे तेथे दिसले.

८/ १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला. तरीही धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून दुर्बीण तपासणीपर्यंतची वाट लांबच आहे. टोरेक यांच्या रुग्णापुढे दुसरा मार्ग नव्हता; आज तो आहे, पण तो वेळेवर पोहोचणाऱ्यासाठीच. घरात कुणी तंबाखू खात असेल आणि घास अडू लागला असेल, तर तपासणी लांबवू नका.

(धागा समाप्त)