सहा गडी आणि एक बाकडे

संगणकावरच्या खेळांचा विषय निघाला की आपल्याकडे मुलांचे डोळे, बुडालेला अभ्यास आणि वाया गेलेली सुट्टी एवढेच बोलले जाते. मला मात्र त्यातल्या एका जातीच्या खेळाने पेडण्याच्या जत्रांकडे पुन्हा बघायला लावले.

'बाल्डर्स गेट' हा तो खेळ. कॅनडातल्या बायोवेअर कंपनीने तो १९९८ साली काढला, पाच सीडींवर. मी खेळलो तो त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. त्यात आपण एकटे नसतो. वाटेत भेटणाऱ्यांतून सोबती निवडायचे, आपण धरून जास्तीत जास्त सहा. कुणी तलवार चालवणारा, कुणी मंत्र टाकणारा, कुणी जखमा भरणारा, एखादा कुलपे उघडणारा चोरही. एकाचे काम दुसऱ्याला येत नाही. स्वभाव जुळले नाहीत तर सोबती आपसात भांडतात, कधी शस्त्रे उपसतात. आणि एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जायचे तर सगळे एका जागी गोळा व्हावे लागतात. एक जरी मागे राहिला तरी खेळ पुढे सरकत नाही.

सोबत्याला टाकून जायचे नाही हा नियम डिचोलीकरांना कुणी शिकवायला नको. साळच्या शिगम्यातले गडे होळीच्या पौर्णिमेला रात्री मांडावरून अंधारात धावत सुटतात. देवचार त्यांच्यातल्या काहींना लपवतो आणि बाकीच्यांनी त्यांना शोधून आणायचे असते, अशी तिथली श्रद्धा आहे. पण साळच्या गड्यांना खेळाडू म्हणणे बरे नव्हे. ते भूमिका घेत नाहीत, त्यांच्या अंगावर भार येतो. जाणूनबुजून दुसऱ्याचे सोंग घेऊन रात्रभर त्याच्या तोंडाने बोलायचे, तो खेळ बघायचा तर पेडण्यातच यायला हवे.

आधी या परदेशी खेळाचे मूळ सांगतो. संगणकाच्या कितीतरी आधी, १९७४ साली, अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ काढला. एकजण कथा सांगणारा, बाकीचे एकेक पात्र घेऊन बसलेले. "समोर गुहा आहे, आतून आवाज येतोय, काय करता?" असे तो विचारणार आणि प्रत्येकाने आपल्या पात्राला शोभेल असे उत्तर द्यायचे. वीस बाजूंचा फासा पडतो, उत्तरागणिक कथा वळते. संहिता कुणाच्याच हातात नसते.

हे वाचून मला हसू आले. संहितेशिवाय सोंग घेऊन रात्र जागवणारी माणसे माझ्या ओळखीची होती. वेंगुर्ला, कुडाळ, सावंतवाडीकडची दशावतारी मंडळे पेडण्याच्या जत्रांना येतात, त्यांच्या रंगपटात हेच चालते. तोंडाला रंग लावता लावता त्या रात्रीचे आख्यान सांगितले जाते, पात्रे वाटून दिली जातात. कोण कुठे भेटणार, कोण कुणाला शाप देणार, शेवटी कोण पडणार, एवढे ठरते. पुढचे ज्याचे त्याने बोलायचे. इथेही कामे वाटलेली: राजपार्ट, स्त्रीपार्ट, खलपार्ट, नारद. (तिकडे सोबत्यांच्या टोळीला 'पार्टी' म्हणतात, इकडे बायकांची कामे करणाऱ्या पुरुषाला 'स्त्रीपार्टी'. इंग्रजीच्या एकाच कुळातले दोन शब्द असे दोन वाटांनी आले.) नेपथ्य म्हणाल तर एक बाकडे. तेच सिंहासन, तेच शयनमंदिर, तेच अरण्यातली शिळा. पूर्वी सगळा संसार पेटाऱ्यात घालून गावोगाव चालत जायचे, म्हणून 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' ही म्हण पडली.

हा खेळ श्यामजी नाईक काळे यांनी १७२८ साली कोकणात आणला, असे सांगण्याचा प्रघात आहे. मला ते पटत नाही. समर्थ रामदास त्याच्या आधीच्या शतकातले, आणि दासबोधात त्यांनी दशावतारी खेळातल्या नेत्रकटाक्ष टाकणाऱ्या सुंदर नारींचा उल्लेख करून, हे सगळे मुळात धटिंगण आहेत अशी कोपरखळी मारली आहे. म्हणजे स्त्रीपार्ट तेव्हाच रुळलेला होता.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केले. त्यातही सूत्रधार पदे म्हणायचा आणि पात्रे आपापल्या बुद्धीने बोलायची. मग १८६१ साली कीर्तन्यांचे 'थोरले माधवराव पेशवे' छापून आले आणि लिहिलेले संवाद पाठ करून म्हणण्याची चाल सुरू झाली. अशा नाटकांना लोक 'बुकिश' म्हणत. शहरातली रंगभूमी बुकिश झाली आणि तिने प्रतिष्ठा मिळवली. दशावतार बुकिश झाला नाही, म्हणून त्याला अडाण्यांचा खेळ ठरवले गेले.

बारदेशासारख्या जुन्या काबिजादीत देवळे गेली, तिथे असे खेळ टिकणे अवघड होते. पेडणे महाल सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे आला तो १७८८ मध्ये, नव्या काबिजादीत. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. देवळे राहिली, जत्रा राहिल्या, जत्रांबरोबर खेळ राहिला. आणि खेळाबरोबर मराठी राहिली, हे माझे मत आहे.

दिवसा शेतात काम करणारा माणूस घरी आपली पेडणेकरी बोली बोलतो. पूर्वरंगातला शंकासुरही जवळपास तीच बोलतो आणि मांडव हसवतो. पण त्याच माणसाने राजाचा मुकुट चढवला की तोंडातून "हे प्राणप्रिये" आणि "अरे नराधमा" अशी समासांनी भरलेली मराठी वाहू लागते, तीही न लिहिलेली, समोरच्याच्या बोलण्याला तिथल्या तिथे जुळवलेली. ही त्याला कुणी शिकवली? कीर्तनाने, पोथीने, आणि जास्त करून दुसऱ्याच्या समोर उभे राहून उत्तर देण्याने. १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या आधी आणि नंतरही आम्ही गोव्यातल्या मराठीचे हिशेब मांडले, ते शाळा आणि वर्तमानपत्रे मोजून. बाकड्यासमोरची ही शाळा फारशी कुणी धरली नाही.

संगणकाने त्या टेबलावरच्या कथेकऱ्याची जागा घेतली तेव्हा नेमके हेच गेले. 'बाल्डर्स गेट'मध्ये कुणी भेटले की तुमची उत्तरे आकडे घालून समोर येतात. त्यातले एक निवडायचे, पाचवे तुमच्या मनात असले तरी ते बोलता येत नाही. २०२३ साली बेल्जियमच्या लारियनने या खेळाचा तिसरा भाग काढला. त्यात फासा पडद्यावर गडगडताना दिसतो, चौघे मित्र मिळून खेळू शकतात, उत्तरे पुष्कळ वाढली आहेत. खेळ सुंदर आहे, मी तासन्‌तास खेळलो. पण उत्तरे आधी लिहिलेलीच, आणि इंग्रजीत.

दशावतारातही यादी शिरू लागली आहे. मोठ्या नटांचे गाजलेले प्रसंग यूट्यूबवर असतात. ते ऐकून, स्वल्पविरामासकट पाठ करून म्हणणारी तरुण मुले मला दिसतात. ट्रिकसीनच्या खेळात धूर आणि दिवे वेळेवर यायचे तर संवादही वेळेत संपवावा लागतो. मंडळांना सुपाऱ्या हव्यात, त्यांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. २०२५ मध्ये आलेल्या 'दशावतार' चित्रपटामुळे या कलेचे नाव शहरांत झाले, याचाही आनंदच आहे.

पेडण्यातल्या एका जत्रेत दैत्यराज गर्जना करत असताना वीज गेली. मांडवात कुजबुज, पोरांच्या शिट्ट्या. अंधारातून दैत्याचा आवाज आला, "पाहिलेस नारदा? माझ्या भयाने तेजसुद्धा लपून बसले!" क्षणभर शांतता. मग नारद म्हणाला, "लपले नाही, दैत्यराज. तुझा अंत नीट दिसावा म्हणून मोठा दिवा आणायला गेले आहे." मृदंगवाल्याने त्यावर थाप मारली, आणि गॅसबत्ती येईपर्यंत दोघे अंधारातच भांडत राहिले.