धुपाटण्यातला रानधूप

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आजी निखाऱ्यावर चिमूटभर धूप टाकी आणि मगच आम्हां पोरांच्या हाती फुलबाजी येई. तिचे माहेर मुळशी खोऱ्यातले. १९२१ साली सेनापती बापटांच्या मागे मावळे ज्या धरणाविरुद्ध उभे राहिले, त्याच्याच पाण्याखाली ते गेले. वर डोंगरातली देवराई तेवढी उरली. धूप तिथलाच, काळसर, काचेसारखा फुटणारा.

आजीच्या डब्यात दोन पुड्या असत. एक या रानधुपाची. तो तेलात कढवून ती टाचांच्या भेगांना लावी. दुसरी बाजारच्या गुग्गुळाची, गुडघ्यांसाठी. गुग्गुळाचे झुडूप आपल्या पावसाळी घाटातले नव्हे, ते राजस्थान-गुजरातच्या कोरड्या मुलखातले. पण रीत दोघांची एकच. खोडाला जखम झाली की झाड चीक गाळून ती बुजवते, आणि त्या चिकातली द्रव्ये किडीला, बुरशीला दूर ठेवतात. झाडाने स्वतःसाठी केलेले औषध आपण पळवतो म्हणा ना!

सुश्रुताने मेदोरोगावर गुग्गुळ सांगितला आहे. तो धागा धरून बनारस हिंदू विश्वविद्यालयात जी. व्ही. सत्यवती यांनी सशांवर प्रयोग केले. त्यांचा प्रबंध १९६६चा. सशांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल उतरले होते. पुढे गुग्गुलस्टेरॉन हे द्रव्य हाती आले आणि लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेच्या खटपटीतून 'गुग्गुलिपिड' हे औषध बाजारात आले. केवढा हा अभिमानाचा विषय! पण २००३ साली अमेरिकेत १०३ जणांना आठ आठवडे पारखले, तेव्हा वाईट कोलेस्टेरॉल उतरायचे सोडून किंचित वाढलेच. काहींच्या अंगावर पुरळही उठले. आपल्याकडची काही निरीक्षणे अनुकूल आहेत, हेही खरे. वाद मिटलेला नाही. आजीच्या गुडघ्यांचे म्हणाल, तर ते मात्र गुग्गुळ घेतल्यावर हलके होत, असे ती शपथेवर सांगे.

या वादात झुडपाचे कोण विचारतो? जास्त चीक मिळावा म्हणून खोल खाचा पाडतात आणि झुडूप वाळून जाते. गुग्गुळ आज नष्ट होण्याच्या अगदी काठावरच्या वनस्पतींत गणला जातो.

गेल्या वर्षी मी आजीच्या देवराईत गेलो. धुपाच्या बुंध्यावर कोयत्याचे ताजे वार होते आणि मुळाशी जाळ केल्याची काळी खूण. देवाच्या रानातली काडी उचलायची नाही, हा तिथला जुना नेम; पण वाळलेला एक खडा खाली पडलेला दिसला आणि हात पुढे गेलाच. मग तो तिथेच ठेवून उतरलो.

यंदा धुपाटण्यात नुसता निखारा आहे. नात विचारते, "आजोबा, वास का येत नाही?"