पडद्यावर उरलेली मोटार

इंदूरच्या जुन्या घरांना मोटारीचे कौतुक नवे नाही. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीची मोटार घेऊन लंडनच्या गर्नी नटिंगकडून तिची खास बांधणी करवून घेतली होती. त्या काळी मोटारीला तेज येई ते तिच्या धन्यामुळे. पुढे ते काम चित्रपटाने आपल्याकडे घेतले. १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’मध्ये जेम्स बाँडच्या हाती अ‍ॅस्टन मार्टिन आली. १९६८ च्या ‘बुलिट’मध्ये फोर्ड मस्टँग सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून उधळली, तर १९८० साली सुरू झालेल्या ‘मॅग्नम पी. आय.’ या दूरचित्रवाणी मालिकेने लाल फेरारी घरोघरी पोहोचवली. या गाड्या मुळातच नावाजलेल्या. पडद्याने त्यांच्या गुणांना उजाळा दिला, इतकेच. परंतु जी मोटार बाजारात पडली आणि जिचा कारखानाच बुडाला, तिलाही पडद्याने अमर केल्याचे एक उदाहरण आहे. ते डिलोरियनचे.

जॉन डिलोरियन हे अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीतले बडे अधिकारी. १९७३ साली ती नोकरी सोडून १९७५ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाची कंपनी काढली. मोटारीचे रूप इटलीच्या जॉर्जेटो जुजारो यांनी रेखाटले, तर यांत्रिक बाजू इंग्लंडच्या लोटस कंपनीने सांभाळली. रंग न दिलेल्या स्टेनलेस स्टीलचे अंग आणि पक्ष्याच्या पंखांप्रमाणे वर उघडणारी दारे ही तिची ओळख. भांडवल मात्र मिळाले ब्रिटिश सरकारकडून, आणि त्यामागचे कारण मोटारीपेक्षा मोठे होते.

उत्तर आयर्लंडमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट समाजांत रक्तपात चालला होता. त्यात बेकारीची भर. हाताला काम मिळाले तर त्याच हातातले शस्त्र सुटेल, अशा आशेने तत्कालीन मजूर पक्षाच्या सरकारने १९७८ साली बेलफास्टजवळच्या डनमरी येथे कारखान्याला मंजुरी दिली. कारखान्याच्या एका अंगाला ट्विनब्रुक ही कॅथलिक वस्ती, दुसऱ्या अंगाला प्रोटेस्टंटांची घरे. दोन्ही बाजूंना वेगवेगळी प्रवेशद्वारे होती. आत शिरल्यावर मात्र काम एकत्र होते. १९८१ च्या आरंभी उत्पादन सुरू झाले. त्याच वर्षी मे महिन्यात ट्विनब्रुकच्या बॉबी सँड्सचा तुरुंगातील उपोषणात मृत्यू झाला आणि कारखान्याच्या भोवताली दंगली पेटल्या. तरीही दोन्ही समाजांची माणसे कामावर येत राहिली. बहुतेकांनी पूर्वी मोटार बांधलेली नव्हती. प्रारंभीच्या गाड्यांत दोष राहिले, ते अमेरिकेत पोहोचल्यावर दुरुस्त करावे लागत. तरी दोन हजारांहून अधिक कुटुंबांची चूल त्यावर पेटत होती.

मोटार दिसायला क्रीडामोटार, पण तिच्या इंजिनाची शक्ती सुमारे १३० अश्वशक्ती. किंमत मात्र २५,००० डॉलर. अमेरिकेत मंदी होती, माल पडून राहिला. फेब्रुवारी १९८२ मध्ये कंपनी प्रशासकाच्या ताब्यात गेली आणि थॅचरबाईंच्या सरकारने आणखी पैसा ओतण्यास नकार दिला. ऑक्टोबरात स्वतः डिलोरियन कोकेनच्या व्यवहाराच्या आरोपाखाली पकडले गेले. १९८४ मध्ये ते निर्दोष सुटले, पण तोवर सारे संपले होते. सुमारे ९,००० गाड्या तयार झाल्या आणि ब्रिटिश करदात्यांचे सुमारे आठ कोटी पौंड बुडाले. पत्रे दाबण्याचे काही अवजड साचे तर आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ मत्स्यशेतीची जाळी रोखून धरण्यासाठी समुद्रात सोडण्यात आले.

आणि १९८५ साली ‘बॅक टू द फ्यूचर’ आला. पहिल्या खर्ड्यांत कालयंत्र म्हणून शीतकपाट योजले होते. मुले अनुकरण करून त्यात कोंडली जातील या भीतीने तो विचार सोडण्यात आला. मग डिलोरियनची निवड झाली. १९५५ मधील एका शेतकरी कुटुंबाला तिची पंखांसारखी दारे पाहून अंतराळयानच उतरल्याचा भास होतो, ही गंमत तिच्यामुळेच साधली. कथेत कालप्रवासासाठी ताशी ८८ मैलांचा वेग लागतो. प्रत्यक्ष गाडीच्या वेगदर्शकावर त्या वेळच्या अमेरिकन नियमानुसार आकडे ८५ पर्यंतच होते! चित्रपटात ऐकू येणारी इंजिनाची गर्जनाही पोर्शे ९२८ ची. म्हणजे रूप तिचे, आवाज दुसरीचा, आणि वेग लेखणीचा. ग्राहकाने नाकारलेली ही गाडी प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली. चित्रीकरणातल्या एका गाडीची २०२१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहीत नोंद झाली.

चित्रपटाला आम्ही दोष देत नाही. करमणूक हा त्याचा धर्मच आहे. परंतु राज्य शासनाच्या सेवेत असताना एका बंद कारखान्याच्या मालमत्तेची यादी करण्याचे काम आमच्याकडे आले होते, त्याची येथे आठवण होते. यंत्रे, तराजू, टेबले, खुर्च्या, सर्वांची नोंद झाली. भिंतीजवळच्या फळीवर हजेरीपट पडला होता. त्यातील नावांसाठी आमच्या तक्त्यात रकाना नव्हता. आम्ही पट मिटून जागेवर ठेवला आणि पंचनाम्यावर सही केली.

पडद्याच्या तक्त्यातही तो रकाना नसतो. झळाळी राहते, ती घासूनपुसून काढणारे हात राहत नाहीत. डनमरीच्या दोन दारांतून शिरलेल्या माणसांनी भोवती दंगल पेटली असताना एकत्र काम करून दाखवले. त्या मोटारीचा सर्वांत मोठा पराक्रम हाच, आणि तो कोणत्याही कालयंत्राहून अवघड होता. पुढे कधी नातवंडांबरोबर तो चित्रपट पाहताना ती चकाकती दारे वर उघडतील, तेव्हा ही दुसरी दोन दारेही त्यांना अवश्य सांगावीत.