सुनबहिरी

१९०१ च्या जनगणनेच्या तक्त्यात अगदी शेवटचा रकाना व्यंगांचा होता. मोजणीदाराला छापील सूचना होती ती साधारण अशी: घरात कोणी दोन्ही डोळ्यांनी आंधळे, वेडे, जन्माचे मुके-बहिरे किंवा अवयव झडणाऱ्या महारोगाचे असेल तर नोंद करा, एकाच डोळ्याने अधू, मागाहून मुका-बहिरा झालेला किंवा अंगावर नुसते पांढरे कोड असलेला माणूस नोंदू नका. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे तेव्हा एकाच चांदा जिल्ह्यात होते. तिथल्या एखाद्या गावात हा तक्ता घेऊन फिरणाऱ्या माणसासमोर अशी बाई आली असती, जिच्या गालावर रुपयाएवढा फिकट चट्टा आहे, बोटे सगळी शाबूत आहेत, चट्ट्याचा रंग पांढराफट्ट नाही, नुसता उतरलेला आहे, तर त्याने काय लिहायचे होते? काहीच नाही. ती महारोगी नव्हती आणि कोडाचीही नव्हती. कागदापुरती ती निरोगी होती.

तीन वर्षे आधीचा कायदाही त्याच वळणाचा. १८९८ च्या लेपर्स ॲक्टने महारोगी कोणाला म्हणायचे ते ठरवले: ज्याच्या अंगावर व्रण पडायला सुरुवात झाली आहे त्याला. पकडून आश्रमात धाडायचा, तोही त्यातला भीक मागणारा. जनगणनेची सूचना आणि कायद्याची व्याख्या शेजारी ठेवून वाचली की त्या काळच्या आकड्यांकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. १८९१ साली देशभरात सुमारे १,२६,००० महारोगी मोजले गेले, १९०१ साली सुमारे ९७,०००. दहा वर्षांत रोग ओसरला असा निष्कर्ष यातून काढायचा असेल तर मधले दोन दुष्काळ विसरावे लागतील, १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा. दुष्काळात भिकेवर जगणारा माणूस आधी मरतो. तेव्हा हे आकडे रोगाचे कमी आणि उपासमारीचे जास्त, असे माझे मत आहे. शिवाय जे मोजले गेले ते रोगाच्या शेवटाला पोचलेले. गालावरच्या पहिल्या चट्ट्याची मोजदाद कुठल्याच रकान्यात बसत नव्हती.

सरकारी कागदाला जे सुचले नाही ते मराठीत मात्र आधीपासून होते. चेहऱ्यावरच्या रंगबदलाला आपल्याकडे एक शब्द नाही, घरभर शब्द आहेत. बाळंतपणानंतर गालांवर चढणारा काळसर वांग, उन्हाळ्यात घामाने उठणारी शिबी, जन्मापासूनची लास, कडेने लाल होत पसरणारा नायटा, दुधासारखे पांढरे कोड. ही सगळी नावे डोळ्यांनी ठेवलेली. एकच नाव हाताने ठेवलेले आहे: सुनबहिरी. सुन्न आणि बहिरी. कातडी दिसते कशी याच्याशी या शब्दाला कर्तव्य नाही; तिला कळते का, एवढेच तो विचारतो. गाठी येऊन अंग फुटणाऱ्या प्रकाराला लोक रक्तपिती म्हणत, आणि बधिर होत जाणाऱ्याला सुनबहिरी. एकाच रोगाची ही दोन टोके आहेत हे वैद्यकाला पुढे मान्य करावे लागले. नावात दडलेली तपासणी मात्र आजही पहिली तपासणी आहे.

मुंबई इलाख्यात हा धागा नीट पकडला तो हेन्री व्हॅनडाइक कार्टरने. ‘ग्रेज ॲनाटॉमी’तली चित्रे काढणारा हाच माणूस. १८५८ साली तो मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागला, पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन झाला. महारोग्यांच्या प्रेतांची चिरफाड करताना त्याला सुजून जाड झालेल्या नसा दिसल्या, आणि चट्टा बधिर का होतो याचे उत्तर कातडीऐवजी कातडीखालच्या नसेत मिळाले. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने १८६७ च्या अहवालात हा रोग सांसर्गिक नाही असे ठरवून टाकले होते. कार्टर १८७३ साली नॉर्वेतल्या बर्गनला गेला. त्याच वर्षी त्याच गावात हॅन्सन या डॉक्टरला गाठींच्या रसात जंतू दिसले होते. दुसऱ्याच वर्षी, १८७४ साली, कार्टरचे महारोगावरचे पुस्तक निघाले आणि त्यानंतर तो संसर्गाच्या बाजूने बोलत राहिला. ऐकले फारसे कोणी नाही. १८९०-९१ मध्ये देशभर हिंडलेल्या लेप्रसी कमिशनने १८९३ च्या अहवालात संसर्गाचा धोका नगण्य ठरवला. म्हणजे कारण सापडून वीस वर्षे झाली तरी ज्यांना ते वाचायचे होते त्यांच्या टेबलावर ते पोचलेच नव्हते.

आता तपासणीकडे. चट्टा हातावर, मांडीवर, पाठीवर असेल तर ती सोपी. डोळे मिटायला सांगायचे, कापसाच्या टोकाने किंवा बोथट सुईने कधी चट्ट्यावर, कधी बाहेर हलकेच टोचायचे, आणि लागले तिथे बोट ठेवायला सांगायचे. चट्ट्यावर बोट चुकले की संशय पक्का. कोडात कातडीचा रंग पूर्ण जातो आणि स्पर्श शाबूत राहतो. कुष्ठाच्या चट्ट्यात रंग पूर्ण जात नाही आणि स्पर्श हरवतो. दोन ओळींत मावणारा फरक. पण नेमका चेहऱ्यावर तो दगा देतो. चेहऱ्याच्या कातडीत स्पर्शाच्या नसांचे जाळे इतके दाट आहे, आणि एकीच्या हद्दीत दुसरी इतकी शिरलेली आहे, की काही धागे मेले तरी उरलेले बातमी पोचवत राहतात. सुईवर माणूस दचकतो. तपासणारा कागदावर ‘स्पर्श आहे’ असे लिहितो. जी जागा जगाला सगळ्यांत आधी दिसते तिथेच सुनबहिरी बहिरी नसते.

यावर तोडगा म्हणून १९३१ साली फिलिपिन्समधल्या रॉड्रिगेझ आणि प्लांटिया यांनी हिस्टामिनची चाचणी पुढे आणली. हजारात एक भाग हिस्टामिनचा थेंब चट्ट्यावर ठेवायचा आणि त्यातून सुई टोचायची. नस जिवंत असेल तर गांधीभोवती लाली पसरते. नस मेली असेल तर गांधी उठते, लाली येत नाही. रुग्णाच्या सांगण्यावर काहीच अवलंबून नाही, म्हणून लहान मुलांनाही चालणारी चाचणी. पण लाली दिसायला कातडी उजळ हवी. सावळ्या-काळ्या चेहऱ्यावर ती ओळखणे कठीण, आणि चांद्याच्या जंगलपट्ट्यात बहुतेक चेहरे तसेच. मग पिलोकार्पिन टोचून चट्ट्यावर घाम येतो की नाही ते पाहायचे. कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन रसात जंतू शोधायचे, तर सुरुवातीच्या फिकट चट्ट्यात ते सापडत नाहीत. अशा चट्ट्याला डॉक्टर मंडळींनी ‘अनिश्चित’ हे नाव दिले. प्रामाणिक नाव आहे. असे बरेच चट्टे आपोआप मिटतातही.

याच चांदा जिल्ह्यातल्या वरोऱ्याच्या आनंदवनाची हकीकत सगळ्यांना पाठ आहे. वकिली करणाऱ्या, वरोरा नगरपालिकेत उपाध्यक्ष असलेल्या मुरलीधर देवीदास ऊर्फ बाबा आमट्यांना पावसात तुळशीराम नावाचा महारोगी दिसला आणि ते आधी घाबरून पळाले. या प्रसंगात मला खुणावते ते वेगळेच: बोटे झडलेला, मरणाच्या दारातला तुळशीराम १९०१ च्या रकान्यात बरोबर बसला असता. लोकांना रोग दिसत होता तो त्याच टप्प्यावर. बाबा पुढे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम करायला गेले. जंतू प्रयोगशाळेत वाढत नव्हते, म्हणून आपल्या शरीरात टोचून पाहा असे त्यांनी तिथे सुचवले. तो प्रयोग फसला. १९४९ ला महारोगी सेवा समिती नोंदली गेली, १९५१ ला आनंदवनात सहा रुग्ण आले.

त्याच १९५१ साली शेजारच्या वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान सुरू झाले, आणि डॉ. र. वि. वर्डेकरांनी पद्धत उलटी केली. रुग्ण दाराशी येण्याची वाट पाहायची नाही, दारोदार जायचे. सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. गावातल्या प्रत्येकाचे अंग उजेडात पाहायचे, आणि तेही ठरावीक काळाने पुन्हा. १९५५ साली सुरू झालेला राष्ट्रीय कार्यक्रम याच पायावर उभा राहिला. चेहऱ्यावरच्या चट्ट्याचे कोडे सुटले असेल तर ते या ‘पुन्हा’ने. सुई, हिस्टामिन, सूक्ष्मदर्शक यांना जे जमले नाही ते सहा महिन्यांनी त्याच घरी परत गेलेल्या कार्यकर्त्याला जमले. गालावरचा चट्टा तोवर मिटलेला असे, तसाच असे किंवा त्याला कडा आलेली असे, कानामागची नस बोटाला जाड लागत असे. शाळकरी पोरांच्या गालावरचे फिकट, कोंडा सुटलेले डाग, ज्यांना घरात ‘पोटात जंत झालेत’ म्हणतात, ते बहुधा मिटलेल्यांतच निघत. जंतांशी आणि कुष्ठाशी, दोन्हींशी त्यांचा संबंध नसतो.

चांद्याच्या पूर्वेच्या सीमेपलीकडे आणखी एक घोटाळा होता. अंबागड चौकी ही जमीनदारी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चांदा जिल्ह्यातच होती, मग दुर्गला जोडली गेली. तिथल्या कौडीकसा भागातल्या भूजलात आर्सेनिक असल्याचे १९९९ साली दीपंकर चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये छापले. आर्सेनिकने कातडीवर काळे आणि फिकट ठिपके शेजारीशेजारी उठतात, धुळीवर पावसाचे थेंब पडावेत तसे. असे अंग पाहून लोक महारोग समजतात आणि माणसाला दूर बसवतात. निदान इथेही हातानेच होते, पण तळहाताने: तळहातावर, तळपायावर दाण्यांसारखी कडक कातडी लागते. बंगालात हा विकार पहिल्यांदा ओळखला तो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. के. सी. साहा यांनी, बाबा शिकले त्याच कलकत्त्याच्या संस्थेत.

१९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधांचा एकत्र उपचार सांगितला: रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन. देशात तो सुरुवातीला ज्या जिल्ह्यांत सुरू झाला त्यांत वर्धा होता. यातले क्लोफाझिमिन मुळात एक लाल रंगद्रव्य. डब्लिनमध्ये व्हिन्सेंट बॅरींच्या चमूने ते क्षयासाठी १९५४ साली तयार केले, तिथे ते चालले नाही, आणि १९६२ पासून ते कुष्ठावर वापरात आले. औषध चरबीत आणि कातडीत साठते. काही आठवड्यांत चेहरा तांबूस, मग तपकिरी, मग काळा पडतो, आणि चट्टा होता तिथे सगळ्यांत गडद. आधी फिकट चट्ट्यासाठी तपासलेला गाल आता त्याच जागी काळा दिसू लागतो. गावात कोणालाही औषधाचे नाव ठाऊक नसते, पण हा काळा रंग सगळ्यांना ओळखू येतो. गोळ्या अर्धवट सोडणाऱ्यांत या रंगाला भिऊन सोडणारे होते. उजळ कातडीच्या रुग्णांत, विशेषतः लग्नाच्या वयाच्या मुलींत, हा धाक जास्त.

सुरुवातीला हे औषध जास्त जंतू असलेल्यांनाच मिळे. एकदोन चट्टेवाल्यांची त्यातून सुटका होती. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत जागतिक आरोग्य संघटनेने तिन्ही औषधे सगळ्यांनाच द्यायला सांगितली. पाचपर्यंत चट्टे असलेल्यांचा उपचार सहा महिन्यांचा, बाकीच्यांचा बारा. शेवटचे पाकीट संपले की कार्डावर उपचार पूर्ण झाल्याची नोंद होते. चेहऱ्यावरचा रंग उतरायला त्यानंतर वर्षभर, कधी त्याहून जास्त लागते.