अल्पायुषी पूर्वजाचा शोध : कुठे आणि कसा घ्यावा

साकेत नगर परिसरातील आपली मराठी कुटुंबे ठिकठिकाणांहून आलेली आहेत. कोणी ग्वाल्हेर, इंदूर, देवासकडचे, तर कोणी १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ राजधानी झाल्यावर नागपूरहून बदलीवर आलेले. बिऱ्हाड हलले की कागद मागे राहतात, आणि त्यात सर्वांत आधी हरवतो तो तरुणपणी गेलेला माणूस. मूलबाळ नसले की वंशावळीत त्याची फांदी तिथेच थांबते. कुलवृत्तांतात नावापुढे "अल्पवयात निधन" एवढेच येते; लेकी-सुनांच्या वाट्याला पुष्कळदा तेवढेही नाही. म्हणून अशा व्यक्तीसाठी वंशावळीवर न थांबता तिच्या आयुष्यातील घटनांच्या नोंदी शोधाव्यात, असे आम्ही सुचवतो.

घरातील पुरावे

श्राद्धाची तिथी हा पहिला पुरावा. पितृपक्षात अविधवा नवमीला जिचे स्मरण होते, ती पतीच्या आधी गेलेली असते. चतुर्दशीला श्राद्ध होत असेल तर अपघाती किंवा शस्त्राने आलेल्या मृत्यूची शक्यता धरावी.

जन्मपत्रिकेतील शकात ७८ मिळवले की इसवी सन निघतो. जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या तिथींना ७९ मिळवावे. माळव्याकडील कागदांत विक्रम संवत असल्यास ५७ वजा करावेत (वर्षअखेरच्या महिन्यांत ५६). उदाहरणार्थ, शके १८४०च्या आश्विनातील मृत्यू म्हणजे ऑक्टोबर १९१८, इन्फ्लुएन्झाच्या साथीचा ऐन भर. पुण्या-मुंबईकडील १८९६-९७च्या मृत्यूंबाबत प्लेगचा विचार करावा.

दप्तरांतील नोंदी

• विदर्भातील गावांसाठी जुन्या कोतवाल बुकाची नक्कल, पश्चिम महाराष्ट्रासाठी गाव नमुना १४ आणि शहरांसाठी नगरपालिकेचे जन्म-मृत्यू रजिस्टर पाहावे.
• शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये जन्मतारीख आणि शाळा सोडल्याची तारीख मिळू शकते. अल्पायुषी व्यक्तीचा हा कधी कधी एकमेव सरकारी कागद असतो.
• त्र्यंबकेश्वर, नाशिक, प्रयाग, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या गाव व आडनावावरून उघडतात. अस्थी घेऊन कोण आले होते, यावरूनही नाते कळते.
• विमा, पोस्टाचे पासबुक, पेन्शन यांच्या कागदांत वारसाचे नाव असते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बऱ्याच नोंदी मोडीत आहेत. मोडी वाचणाऱ्या जाणकाराची मदत घ्यावी.

एक उदाहरण : डॉ. आनंदीबाई जोशी

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. वयाची बावीस वर्षेही पूर्ण नव्हती. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवसच जगले. पुढे वंश नाही. तरीही त्यांचे आयुष्य आज बरेच तपशिलाने सांगता येते, कारण कागद इतरांनी जपले. फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांच्या १८८६च्या पदवीची नोंद आहे. पत्रे आहेत. कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्येच त्यांचे चरित्र लिहिले, मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिले. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सीच्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्यांची रक्षा ठेवलेली असून तेथे नावाची शिळा आहे.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. माहेरी त्या यमुना होत्या, तेव्हा स्त्रियांचा शोध माहेर व सासर अशा दोन्ही नावांनी करावा. दुसरे, आपल्या घरी काही नसेल तर मैत्रिणी, शिक्षक, आजोळ, शेजारी यांच्याकडे विचारावे.

नोंद कशी ठेवावी

प्रत्येक व्यक्तीसाठी एक स्वतंत्र पान करावे : नाव, टोपणनाव, जन्म, शिक्षण, आजार, मृत्यू, तिथी. प्रत्येक माहितीसमोर ती कुठून मिळाली ते लिहावे. ऐकीव माहिती आणि कागदावरची माहिती वेगळी ठेवावी. दोन नोंदी जुळत नसतील तर दोन्ही लिहाव्यात, एकही खोडू नये.

घरातील ज्येष्ठांकडून मात्र हे काम येत्या पितृपक्षातच करून घ्यावे. दप्तर पुढच्या वर्षीही उघडता येईल; पण त्या मुलाला घरात काय हाक मारत, हे सांगणारी आत्या आज आहे तोवरच विचारता येईल.